चिपाडातील इंधन: गैरसमज आणि वस्तुस्थिती

उसाचे चिपाड, भाताचा पेंढा किंवा लाकडाचा भुसा यांपासून मद्यार्क काढण्याची विद्या ही पेट्रोलच्या महागाईने अलीकडेच जन्मास घातली, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. तो निराधार आहे. आंरी ब्राकोनो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1819 मध्येच लाकडाचा भुसा व चिंध्या गंधकाम्लात मुरवून त्यांतून साखर मिळवली होती, आणि महायुद्धांच्या काळात इंधनाच्या टंचाईने गांजलेल्या देशांनी लाकडापासून मद्यार्क काढणारे कारखाने चालवलेही होते. इतकी जुनी विद्या शांततेच्या काळात मागे का पडली, हा विचारण्याजोगा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर दुसऱ्या एका गैरसमजाच्या पोटात आहे. मळीपासून मद्यार्क जितक्या सुलभतेने होतो तितक्याच सुलभतेने तो चिपाडापासूनही व्हावा, अशी अपेक्षा बाळगली जाते. परंतु मळीतील साखर विरघळलेली असते आणि यीस्टला ती आयती लाभते. चिपाडातील शर्करा मात्र सेल्युलोजच्या दीर्घ साखळ्यांत घट्ट जखडलेली असून, तिच्याभोवती हेमिसेल्युलोजचे वेष्टन आणि विटांमधल्या चुन्याप्रमाणे सर्वांना सांधणारे लिग्निन असते. ऊन, पाऊस व कीड यांना पुरून उरावी म्हणून निसर्गाने उभारलेली ही तटबंदी प्रथम वाफेच्या दाबाने वा आम्लाने शिथिल करावी लागते, आणि मगच एन्झाइमांना आत शिरकाव मिळतो. ही एन्झाइमे मिळवण्याच्या कामी आज ज्या बुरशीचे वंशज राबवले जातात, ती ट्रायकोडर्मा रीसेई दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे कापडी सामान कुजवताना सापडली होती. सैन्याला जी उपद्रवकारक, तीच उद्योगाला उपकारक ठरावी, हा योग मला फार विलक्षण वाटतो. एवढे करूनही हेमिसेल्युलोजमधून सुटणारी झायलोज ही पाच कार्बनांची शर्करा नेहमीच्या यीस्टला पचत नाही, आणि लिग्निन तर शर्कराच नसल्यामुळे आंबत नाही; ते बहुधा भट्टीत जाळले जाते.

हरियाणातील पानिपत येथे इंडियन ऑइलच्या ज्या प्रकल्पाचे 10 ऑगस्ट 2022 रोजी राष्ट्रार्पण झाले, त्याची संकल्पित क्षमता दरसाल सुमारे 2 लाख टन पेंढ्यापासून 3 कोटी लिटर इथेनॉल अशी आहे. म्हणजे टनामागे दीडशे लिटर, वजनाने अवघे 118 किलोग्रॅम! हे प्रमाण अल्प वाटले तरी त्यात गफलत नाही. कारण शुद्ध ग्लुकोजचे किण्वन केले तरी त्याच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो.

पेंढा व चिपाड हा फुकटचा कचरा आहे, हा समज तर हिशेबाच्याच विरुद्ध आहे. पेंढा हलका, जागा व्यापणारा आणि वर्षातून थोडेच दिवस उपलब्ध होणारा; तो गोळा करणे, बांधणे, वाहणे व कोरडा ठेवणे यांचा खर्च पडतोच. आपल्या साखर कारखान्यांत तर उसाच्या वजनाच्या पाव हिश्शाहून अधिक असणारे चिपाड बॉयलरमध्ये जळून कारखाना चालवते आणि कित्येक ठिकाणी विजेच्या विक्रीतून उत्पन्नही देते. ते इंधनासाठी उचलायचे, तर त्या वाफेची अन्य तजवीज प्रथम केली पाहिजे.

बायोमास हवेविना सुमारे 500 अंशांवर झटपट तापवून मिळणारे काळसर तेल म्हणजे खनिज तेलच, हेही खरे नव्हे. त्यात पाणी व ऑक्सिजन मुबलक असतो, ते आम्लधर्मी असते, आणि संस्काराविना वाहनात घालण्यास अयोग्य असते.

इंधन हेच या विद्येचे एकमेव फळ, ही समजूत मला सर्वांत नुकसानकारक वाटते. क्वेकर ओट्स कंपनीने 1922 च्या सुमारास ओटच्या टरफलांपासून फर्फ्युरल हे रसायन व्यापारी प्रमाणावर काढण्यास प्रारंभ केला. ओतशाळांत साच्याची वाळू बांधणारी फ्युरान रेझिने त्यापासूनच होतात, आणि ते चिपाडापासूनही मिळते. यीस्टला न पचणाऱ्या झायलोजचेच फर्फ्युरल होत असल्याने, मद्यार्काच्या कारखान्याला जे ओझे वाटते त्याचीच येथे किंमत येते. म्हणूनच नव्या प्रकल्पांचे हिशेब मांडताना लिटरभर इथेनॉलच्या दराबरोबर या रसायनांचा रकानाही पहिल्या पानावर असावा, असे माझे स्पष्ट मत आहे.