चारित्र्य, सेवा आणि शिष्यवृत्तीचा अर्ज

परीक्षेंतील गुणांवर शिष्यवृत्ति देणें सोपें असतें. आंकडा समोर असतो. ज्याचा आंकडा मोठा त्याला रक्कम द्यावी, कीं काम संपलें. परंतु अर्जदाराचें चारित्र्य कसें आहे आणि दुसऱ्याच्या उपयोगी पडण्याची त्याला कितपत संवय आहे, हें पाहून शिष्यवृत्ति द्यावयाची असेल, तर देणारा आणि मागणारा दोघेहि अडचणींत सापडतात. देणाऱ्याजवळ चारित्र्य मोजण्याचें माप नसतें. मागणाऱ्याला स्वतःच्या भलेपणाविषयीं स्वतःच्याच हातानें लिहावें लागतें. आणि मराठी घरांत तर आत्मस्तुति हा दोष मानलेला. सोळा-सतरा वर्षांच्या मुलानें किंवा मुलीनें हा पेंच कसा सोडवावा?

पुणें जिल्ह्यांतील मुळशी तालुक्यांत असलेल्या एका कॉलेजामुळें हा प्रश्न दरवर्षीं अनेक घरांपुढें उभा राहतो. पुण्याच्या पश्चिमेस, पौडच्या पलीकडे, मुळेच्या खोऱ्यावर नजर ठेवून असलेल्या एका डोंगरमाथ्यावर यूडब्ल्यूसी महिंद्रा कॉलेज आहे. तें १९९७ सालीं सुरू झालें. युनायटेड वर्ल्ड कॉलेजेस या नांवानें जगाच्या निरनिराळ्या भागांत ज्या संस्था चालतात, त्यांपैकीं हें एक. अनेक देशांतून आलेले सुमारें २४० विद्यार्थी येथें दोन वर्षें एकत्र राहतात आणि इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या पदविकेचा अभ्यास करतात. भारतीय विद्यार्थ्यांची निवड एक राष्ट्रीय समिति करते. लेखी अर्ज, शिक्षकांचीं शिफारसपत्रें, मुलाखत आणि गटानें करावयाचीं कामें अशा तिच्या पायऱ्या आहेत. अभ्यासांतील प्रगति पाहिली जातेच. परंतु केवळ तिच्यावर निवड होत नाहीं. निवड झाल्यावर पैशाचें साहाय्य किती द्यावें, हें मात्र कुटुंबाच्या ऐपतीवरून ठरतें. म्हणजे योग्यता हा एक प्रश्न आणि गरज हा दुसरा. दोन्हींची सरमिसळ करावयाची नाहीं, हें या पद्धतीचें पहिलें तत्त्व होय.

या संस्थांची मूळ कल्पना कुर्ट हान या जर्मन शिक्षकाची. ते ज्यू कुटुंबांत जन्मले. १९२० सालीं सालेम येथें निघालेल्या शाळेचे ते प्रमुख होते. १९३२ सालीं नाझींनीं केलेल्या एका निर्घृण खुनाचें हिटलरनें उघड समर्थन केलें, तेव्हां शाळेच्या ज्या माजी विद्यार्थ्यांचा त्या पक्षाशीं संबंध होता, त्यांनीं हिटलर तरी सोडावा किंवा सालेम तरी सोडावें, असें हान यांनीं लिहून कळविलें. पुढील वर्षीं त्यांना अटक झाली. सुटकेनंतर त्यांना मायदेश सोडून ब्रिटनमध्यें जावें लागलें. तेथें त्यांनीं नवी शाळा काढली, आणि पुढें १९६२ सालीं त्यांच्या प्रेरणेनें वेल्सच्या किनाऱ्यावरील एका जुन्या किल्ल्यांत अटलांटिक कॉलेज सुरू झालें. दोन महायुद्धांत परस्परांचे शत्रु म्हणून लढलेल्या राष्ट्रांचीं मुलें एकत्र शिकावीं, हा त्यामागील हेतु होता.

या कॉलेजांत सेवा हा शब्द व्याख्यानापुरता नव्हता. विद्यार्थ्यांना समुद्रावरील बचावाचें काम शिकविलें जाई. त्या कामासाठीं चपळ आणि सुरक्षित होडी हवी होती, म्हणून कॉलेजचे पहिले प्रमुख डेस्मंड होअर आणि त्यांचे विद्यार्थी यांनीं कॉलेजच्या कार्यशाळेंत प्रयोग करून ती घडविली : तळ ताठ आणि कडांना हवेनें फुगविलेल्या नळ्या. पुढें तिचे हक्क ब्रिटनमधील जीवरक्षक होड्यांच्या संस्थेला एका पौंडाच्या नाममात्र किमतीस देण्यांत आले. या धर्तीच्या होड्या आज जगभर बचावकार्यांत वापरल्या जातात. बुडणाऱ्या माणसाला, वाचविणाऱ्याचा हेतु किती उदात्त आहे याच्याशीं कर्तव्य नसतें. होडी वेळेवर पोंचते कीं नाहीं, एवढाच त्याचा प्रश्न असतो. सेवेची खरी कसोटी सेवा घेणाऱ्याच्या बाजूनें लागते, ती ही अशी. मुळशीच्या कॉलेजांत शिकविल्या जाणाऱ्या पदविकेंतहि हीच दृष्टि आहे. कला, शारीरिक श्रम आणि सेवा या तिन्हींचा एक भाग तींत सक्तीचा असतो. त्याला गुण नाहींत, परंतु तो पूर्ण केल्यावांचून पदविका मिळत नाहीं.

मात्र चारित्र्य पाहून निवड करण्याची पद्धति सर्वत्र निर्मळपणेंच वापरली गेली, असें समजण्याचें कारण नाहीं. सेसिल ऱ्होड्स यांच्या मृत्युपत्रानें १९०२ नंतर ज्या प्रसिद्ध शिष्यवृत्त्या सुरू झाल्या, त्यांत विद्वत्तेबरोबर सत्यनिष्ठा, धैर्य आणि दुर्बळांविषयीं सहानुभूति या गुणांचीहि अपेक्षा होती; परंतु स्त्रियांना त्या शिष्यवृत्तीचें दार १९७७ पर्यंत बंद होतें. जणूं हे गुण पुरुषांतच उपजतात! अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाची गोष्ट याहून बोलकी आहे. तेथील अध्यक्ष लॉवेल यांना ज्यू विद्यार्थ्यांची वाढती संख्या रुचत नव्हती. १९२२ सालीं त्यांनीं उघड मर्यादा घालण्याची सूचना पुढें आणली. ती मान्य झाली नाहीं. पुढें १९२६ सालीं प्रवेशाच्या नियमांत चारित्र्य आणि व्यक्तिमत्त्व यांना विशेष महत्त्व देण्यांत आलें, आणि ज्या मुलांना गुणांवर नाकारतां येत नव्हतें, त्यांना या शब्दांच्या आडून नाकारणें शक्य झालें. तेव्हां चारित्र्याचें माप हातांत घेणाऱ्यानेंहि स्वतःची परीक्षा आधीं करावयाची असते.

शिष्यवृत्ति आणि सेवा यांचें नातें महाराष्ट्राला नवें नाहीं. १९१३ सालीं बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनीं तरुण भीमराव आंबेडकरांना अमेरिकेंतील कोलंबिया विद्यापीठांत शिकण्यासाठीं दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ति तीन वर्षांकरितां दिली. तिच्याबरोबर एक करार होता : शिक्षण संपल्यावर दहा वर्षें बडोदा संस्थानची नोकरी करावयाची. १९१७ सालीं आंबेडकर त्याप्रमाणें बडोद्यास गेले. परंतु जातीच्या कारणानें त्यांना त्या शहरांत राहावयास जागा मिळेना. ज्या पारशी वसतिगृहांत ते उतरले होते तेथूनहि त्यांना बाहेर काढण्यांत आलें. कराराची सेवा अपुरी राहिली, आणि ती अपुरी राहण्यांत दोष त्यांचा नव्हता. पुढें या माणसानें देशाची जी सेवा केली, ती कोणत्याहि कराराच्या कलमांत बसविण्यासारखी नव्हती. यावरून एक गोष्ट ध्यानीं येते : सेवेची अट कागदावर घालतां येते, सेवा मात्र कागदाच्या बाहेर घडते.

मग अर्जाच्या कागदावर लिहावें तरी काय? समजा, एका मुलीनें लिहिलें कीं, मला समाजसेवेची अत्यंत आवड असून मीं गरीब मुलांना शिकवून त्यांच्या जीवनांत प्रकाश आणला आहे. हें वाक्य खोटें असेलच असें नाहीं. परंतु तें कोणालाहि लिहितां येईल, आणि म्हणून त्यावरून कोणाविषयींहि कांहीं कळत नाहीं. आतां तीच मुलगी असें लिहिते : घरीं धुणें-भांडीं करावयास येणाऱ्या बाईंच्या मुलाला ती दर शनिवारीं दुपारीं भागाकार शिकवीत असे. पुढें तीन शनिवार मुलगा आलाच नाहीं. तो आळशी आहे असें समजून ती रागावली. नंतर चौकशी केली तेव्हां कळलें कीं, त्या वेळीं आई कामावर असल्यामुळें धाकट्या बहिणीला सांभाळण्याचें काम त्याच्याकडे असतें. मग शिकवणी रविवारीं सकाळीं ठेवली, आणि बहीण बरोबर आली तर तिलाहि पाटी दिली. मुलाला भागाकार आला. अपूर्णांक मात्र तिला नीट शिकवितां आले नाहींत, म्हणून तिनें आपल्या शिक्षकांना ते शिकविण्याची रीत विचारली.

या मजकुरांत प्रकाश नाहीं, क्रांति नाहीं. एक चूक आहे, एक चौकशी आहे आणि एक बदललेली वेळ आहे. परंतु वाचणाऱ्याला चार गोष्टी न सांगतां कळतात. मुलगी नियमानें काम करीत होती. तिचा ग्रह चुकला तेव्हां तिनें तो सुधारला. दुसऱ्याच्या सोयीसाठीं आपली सोय बदलली. आणि जें जमलें नाहीं तें झांकलें नाहीं. हेंच चारित्र्य. त्याला विशेषणांची गरज नसते. प्रसंग नेमका सांगितला, कीं तें आपोआप दिसतें.

येथें आणखी एक अन्याय सहज होतो. शहरांतील मुलाजवळ शिबिरांचीं प्रमाणपत्रें असतात. मुळशीच्या एखाद्या वाडीवरील मुलगी पहांटे उठून पाणी भरते, जनावरांना वैरण घालते, आजारी आजीचें औषधपाणी पाहते आणि मग शाळेची वाट धरते. सेवा काय केली, या रकान्यापुढें ती प्रामाणिकपणें लिहिते, कांहीं नाहीं. घरचें काम ही सेवा आहे, असें तिला कोणी सांगितलेलेंच नसतें, आणि त्या कामाचा दाखला देणारी संस्था नसते. अशा वेळीं शिक्षकांचें शिफारसपत्र मोलाचें ठरतें. विद्यार्थिनी हुशार, नम्र व सुस्वभावी आहे, एवढें लिहून शिक्षकांचें कर्तव्य संपत नाहीं. त्यांनीं पाहिलेला एक प्रसंग चार ओळींत सांगितला, तर त्याचें वजन दहा विशेषणांहून अधिक असतें. त्यासाठीं अर्जदारानें शिक्षकांना पुरेसा वेळ देऊन विनंति करावी. शेवटच्या दिवशीं कागद पुढें करूं नये.

ज्याची सेवा करावयाची त्याला ओळखणें, हा यांतील सर्वांत अवघड भाग. मुळशीच्या खोऱ्यासंबंधींच पाहावें. मुळा नदीवर टाटा कंपनीचें धरण होऊं लागलें, तेव्हां १९२१ सालीं सेनापति बापट यांच्या पुढारीपणाखालीं तेथील मावळ्यांनीं सत्याग्रह केला. तो १९२४ पर्यंत चालला, परंतु धरण थांबलें नाहीं. भातशेतें पाण्याखालीं गेलीं, आणि त्या पाण्यावर भिरा येथें निर्माण झालेली वीज मुंबईला मिळाली. या खोऱ्यांत सेवा करावयास येणाऱ्या तरुणानें हें जाणलें पाहिजे कीं, येथील माणसें केवळ घेणारीं नाहींत. शहरांनीं त्यांच्याकडून पूर्वींच पुष्कळ घेतलेलें आहे. हें जो जाणतो तो उपकाराच्या भाषेंत बोलत नाहीं, आणि त्याच्या अर्जांतील शब्दहि आपोआप खालच्या पट्टींत येतात.

सुशिक्षित घरांतील वडील मंडळींची परीक्षा याच ठिकाणीं होते. मुलाचा अर्ज आपणच लिहून द्यावा, निदान त्यांतील चूक झांकून भाषा भारदस्त करावी, असा मोह त्यांना होतो. कांहीं घरीं तर अर्जासाठीं म्हणून शेवटच्या दोन महिन्यांत सेवेची घाई उडते. यानें कार्य साधत नाहीं. मुलाखतींत एखाद्या कामाविषयीं दोन-तीन साधे प्रश्न विचारले, कीं उसनें वाक्य उघडें पडतें. गटांत काम करतांना जो दुसऱ्याचें ऐकून घेत नाहीं, त्याची नम्रता कागदावरच राहते. परंतु पकडले जाण्याच्या भीतीपेक्षां मोठी हानि निराळी आहे. चारित्र्याची शिष्यवृत्ति मिळविण्यासाठीं असत्य लिहावयास मूल आईवडिलांकडून शिकलें, तर शिष्यवृत्ति मिळाली काय आणि न मिळाली काय, ज्या वस्तूसाठीं ती होती ती घरांतून गेलीच. वडिलांनीं प्रश्न विचारावे, विसरलेले प्रसंग आठवून द्यावे, शुद्धलेखन पाहावें. लेखणी मात्र मुलाच्या हातीं राहूं द्यावी.

जागा थोड्या आणि अर्जदार पुष्कळ, त्यामुळें बहुतेकांना नकार येणार, हें उघड आहे. तो नकार म्हणजे चारित्र्यावर ओढलेला शेरा नव्हे. कांहीं कागद आणि थोडा वेळ यांवरून माणसांना जें कळलें, त्यापुरताच तो निर्णय असतो. खरा निकाल त्यानंतर लागतो. नकाराचें पत्र आल्यावर येणाऱ्या पहिल्या रविवारीं सकाळीं तो मुलगा बहिणीला घेऊन पाटी-पेन्सिलीसह दारांत उभा राहील. त्या वेळीं ती मुलगी अपूर्णांकांचें पुस्तक घेऊन बसलेली असेल, तर तिच्या अर्जांतील प्रत्येक शब्द खरा होता, असें निःशंक म्हणावें.