मोजणी कुणाच्या हाती?

शिरूर तालुक्यात तळेगाव ढमढेरेच्या आसपास शर्यत म्हटली की बैलगाड्याचा घाट आठवतो. तिथला निकाल सेकंदांवर लागतो आणि आकडा जात पाहत नाही, अशी आपली समजूत असते. परंतु आकडा मांडणारा माणूस समाजव्यवस्थेतूनच आलेला असतो. अमेरिकेतील कृष्णवर्णीय मोटारशर्यतपटू वेंडेल स्कॉट यांची कारकीर्द या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे.

‘स्टॉक कार’ म्हणजे मुळात रस्त्यावरची साधी मोटार. तीच मजबूत करून शर्यतीत पळवायची. या शर्यती ‘नॅसकार’ ही संस्था भरवते. त्या काळी नामांकित चालकांना मोटार कंपन्या गाड्या आणि सुटे भाग पुरवीत. ज्यांच्या पाठीशी कोणी नसे, ते जुनी गाडी घेऊन गावोगाव फिरत आणि मिळालेल्या बक्षिसातून पुढच्या शर्यतीचा खर्च भागवीत. स्कॉट हे असे रोजंदारीवरचे चालक होते.

त्यांचा जन्म १९२१ साली व्हर्जिनियातील डॅनव्हिलचा. महायुद्धात ते सैन्यात मेकॅनिक होते. नंतर टॅक्सी चालवली, चोरटी दारूही वाहिली. १९६१ ते १९७३ या काळात ते सर्वोच्च श्रेणीच्या ४९५ शर्यती धावले. इंजिन स्वतः खोलायचे, हाताखाली स्वतःची मुले. १४७ वेळा ते पहिल्या दहांत आले. विजय एकच.

तो १ डिसेंबर १९६३ रोजी जॅक्सनव्हिल येथे मिळाला. स्कॉट दोन फेऱ्यांनी पुढे असूनही विजेता म्हणून पुकारा झाला तो गोऱ्या बक बेकर यांचा. करंडकही त्यांनाच. दोन तासांनी, प्रेक्षक पांगल्यावर, मोजणीत ‘चूक’ झाल्याचे मान्य करण्यात आले. विजेत्याचे चुंबन गोऱ्या सुंदरीने घ्यायचे अशी प्रथा होती. ते टाळण्यासाठीच हे घडले, असे स्कॉट यांचे मत होते. स्पर्शाची ही धास्ती आपल्याला नवी नाही. पुण्याच्या मैदानावर घडलेल्या पळवणकर बाळूंनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना दिले गेले नाही.

१९७३ च्या टॅलाडेगा येथील अपघाताने स्कॉट यांची कारकीर्द जवळजवळ संपली. १९९० साली ते वारले. करंडक कुटुंबाच्या हाती पडला तो २०२१ मध्ये.

गुणवत्ता असली की न्याय मिळतो, असे आपल्या विद्यार्थ्यांना सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. गुणपत्रिका असो, नेमणुकीची यादी असो वा शर्यतीचा निकाल, मोजणाऱ्यांच्या टेबलाशी कोण बसले आहे हेही विचारायला त्यांना शिकवले पाहिजे.