लिफ्ट किटनंतर गाडी थरथरते? आधी शाफ्टचे कोन मोजा

जिप्सी किंवा जुन्या थारला दोन इंचांचं लिफ्ट किट बसवलं की अनेकांची एकच तक्रार येते: साठच्या पुढे फ्लोअर थरथरतो.

आधी चाकांचं बॅलन्सिंग तपासा. स्टिअरिंग थरथरत असेल तर बहुधा दोष चाकात. ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की थरथर बदलत असेल, तर संशय प्रोपेलर शाफ्टवर.

कारण सोपं आहे. कोनात फिरणारा युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे आपला 'क्रॉस', प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग वाढवतो आणि दोनदा कमी करतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस हा फरक पुसून टाकतो, पण दोन्ही कोन सारखे असले तरच. लिफ्टमुळे हे गणित बिघडतं.

काय करायचं?
🔧 गाडी सपाट जागी, चाकांवर उभी ठेवा. जॅकवर मोजू नका.
🔧 मोबाइलच्या अँगल ॲपने ट्रान्सफर केसचा आउटपुट आणि पिनियन, दोन्ही फ्लँजचे कोन मोजा. फरक एक अंशाच्या आत हवा.
🔧 पाट्यांची गाडी असेल तर पाटा आणि ॲक्सलमध्ये पाचरीसारखी डिग्री शिम टाका. कॉइल स्प्रिंग असेल तर ॲडजस्टेबल कंट्रोल आर्म लावा.
🔧 शाफ्ट काढण्याआधी खुणा करा. दोन्ही टोकांचे योक एका रेषेत बसले नाहीत तर थरथर कायम राहील.

एका टोकाला डबल कार्डन जॉइंट असेल तर नियम वेगळा: पिनियन जवळपास थेट शाफ्टच्या रेषेत हवा.

थरथर अंगावर काढू नका. क्रॉस आणि पिनियनचं बेअरिंग आधी जातं. किट घेतानाच शिमचं विचारा!