कात्रणांची पेटी आणि संगणकातील वही



आमच्या खडेबाजारातील पेढीवर वडिलांच्या वेळेपासून एक पत्र्याची पेटी आहे. बाजारभाव, सरकारी हुकूम, पीकपाण्याच्या वार्ता यांची कात्रणे तीत पडत असतात. पडलेले कात्रण वेळेवर हाती लागल्याचे मात्र क्वचितच आठवते.

दि. २ जून २०२३ रोजी केंद्र सरकारने तूर व उडीद यांच्या साठ्यावर मर्यादा घातली. घाऊक व्यापाऱ्यास प्रत्येकी २०० टन. ते कात्रण मी पेटीत ठेवले व निश्चिंत झालो. पुढे २५ सप्टेंबर रोजी ती मर्यादा ५० टनांवर आली. तेही कात्रण दिवाणजींनी कापले होते, परंतु ते दुसऱ्याच फायलीत गेले. आमच्या वखारीत तूर ५० टनांहून अधिक होती. आठवड्याने ही गोष्ट ध्यानात आली, तेव्हा जादा माल मिळेल त्या भावाने काढावा लागला. तोटा सोसला, पण पेढीचे नाव राहिले.

त्यानंतर सूनबाईंनी संगणकात टिपणांची वही उघडून दिली. वननोट, झोटेरो अशी साधने यासाठी आहेत. पैकी झोटेरो विनामूल्य मिळते. आपणांस ही रीत नवी नाही. कीर्दीत व्यवहार तारीखवार लिहितो व खतावणीत तोच खातेवार नेतो. येथेही कात्रण एकदाच ठेवावयाचे. मात्र त्यास 'तूर', 'साठा', 'सरकारी हुकूम' अशा अनेक खुणा लावता येतात. पुढे कोणत्याही खुणेने ते समोर येते.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ साली डॉ. सु. मं. कत्रे यांच्या नेतृत्वाखाली संस्कृत महाकोशाचे कार्य सुरू झाले. सुमारे १,५०० ग्रंथांतून जवळजवळ १ कोटी चिठ्ठ्या हातांनी तयार झाल्या. प्रत्येक चिठ्ठीवर शब्दाबरोबर त्याचे मूळ स्थळ नोंदलेले असल्यामुळेच तो संग्रह आजही अभ्यासकांच्या उपयोगी पडतो.

आपणही तोच नियम पाळावा. कात्रणावर तारीख व मूळ ठिकाण लिहावे. नवा हुकूम येताच जुन्यावर 'रद्द' अथवा 'बदलला' अशी नोंद करावी. मराठी मजकूर युनिकोडमध्ये असावा. जुन्या फॉण्टांतील अक्षरे डोळ्यांना दिसतात, पण शोधताना संगणकास ओळखू येत नाहीत. संग्रहाची एक प्रत पेढीबाहेर ठेवावी. तसेच दर शनिवारी घटकाभर बसून निरुपयोगी टिपणे काढून टाकावीत. नाहीतर संगणकाचीही पेटीच होते.

वडिलांची पेटी मी मोडीत काढलेली नाही. तिच्यातील कात्रणांची छायाचित्रे घेऊन तीही वहीत चढविण्याचे काम नातू करीत आहे. त्यानिमित्ताने पेढीचा पूर्वेतिहास त्याच्या वाचनात येत आहे, हा लाभ मी जमेस धरतो.

इत्यलम्.