धोतऱ्याच्या परागातले रोप

महाशिवरात्रीला पिंडीवर वाहिलेले धोतऱ्याचे फूल दुसऱ्या दिवशी निर्माल्यात जाते. झाड विषारी, म्हणून कोणी ते अंगणात लावत नाही. वैद्य मात्र दम्यावर ते जपून वापरत आले आहेत. उकिरड्यावर फोफावणाऱ्या या कुळाने 1964 साली जगभरच्या वनस्पतिशास्त्रज्ञांना दिल्लीकडे वळून पाहायला लावले.

या कहाणीचे बीज फार आधी पडले होते, पण रुजले नव्हते. वनस्पतीच्या सुट्या पेशीतूनही अख्खे रोप घडवता येईल, असे भाकीत ऑस्ट्रियाचे गॉटलिब हाबरलांट यांनी 1902 मध्ये केले. पानांच्या पेशी विलग करून त्यांनी पोषक द्रवात ठेवल्या. पेशी जगल्या, फुगल्या, काही आठवडे तग धरून राहिल्या. विभागली मात्र एकही नाही. पेशीला विभाजनाला प्रवृत्त करणारे द्रव्य हाती लागायला 1955 उजाडले. तेही सापडले कुठे, तर अमेरिकेत विस्कॉन्सिनला, हेरिंग माशाच्या शुक्राणूंतल्या डीएनएच्या जुनाट बाटलीत! ताजा डीएनए आणला, तर तो ढिम्म. दाबाखालच्या वाफेत तापवला, तेव्हा कुठे पेशी विभागू लागल्या. त्या द्रव्याला नाव मिळाले काइनेटिन.

दिल्ली विद्यापीठातल्या सिप्रा गुहा आणि सतीशचंद्र माहेश्वरी यांना तर रोप वाढवायचेच नव्हते. पराग घडताना पेशींचे अर्धसूत्री विभाजन कसे होते, हे त्यांना काचपात्रात अभ्यासायचे होते. त्यासाठी ‘दतुरा इनॉक्सिया’ या धोतऱ्याच्या कळ्यांतून परागकोश काढून ते निर्जंतुक माध्यमावर ठेवले जात. माध्यमात कधी काइनेटिन घालून पाहावे, कधी नारळाचे पाणी.

काही आठवडे लोटले आणि परागकोशांतून भलतेच काही डोकावू लागले. हिरवट, इवले, थेट बीजातल्या भ्रूणासारखे! ना फलन, ना बीज, आणि तरी भ्रूण. माध्यम बिघडले, असे म्हणून नळ्या धुऊन टाकणे किती सोपे होते!

निरीक्षण 1964 मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आले, पण खरा पेच पुढेच होता. हे भ्रूण आले कशातून? परागकोशाच्या भिंतीतून आले असतील, तर नवलाई निम्म्याने ओसरणार होती. भिंतीची पेशी शेवटी झाडाचीच साधी पेशी. परागकणातून आले असतील, तर मात्र जे कधी कोणी पाहिले नव्हते ते समोर होते. दोघे पुन्हा कोशांच्या आत शिरले. वाढीच्या एकेका टप्प्यावर परागकण सूक्ष्मदर्शकाखाली पारखले गेले, आणि एका कणाच्या कवचात विभागत चाललेल्या पेशींचा पुंजका दिसला. भिंतीचा संशय फिटला.

1966 मध्ये ‘नेचर’मध्येच दुसरा निबंध आला. या धोतऱ्याच्या नेहमीच्या पेशीत गुणसूत्रे असतात 24. परागातून उगवलेली रोपे निम्म्याच वारशावर, 12 गुणसूत्रांवर, उभी होती.