दस्तऐवजाच्या पोटातील झिप
काळेवाडीतील जो उमेदवार चाकणच्या कारखान्यातील नोकरीसाठी आपला अर्ज डॉकएक्स स्वरूपात सिद्ध करतो, तो नकळत झिप फाइलच रचीत असतो. कारण वर्ड व एक्सेलचे आधुनिक दस्तऐवज, तसेच अँड्रॉइडचे एपीके, ही वस्तुतः १९८९ साली फिल कॅट्झ यांनी प्रसृत केलेल्या झिपचीच वेषांतरे होत. पुनरावृत्त मजकुराऐवजी मागील स्थळाचा केवळ निर्देश ठेवणे, ही झिपच्या संकोचनाची मुख्य युक्ती. म्हणूनच हिशेबाचे तक्ते झपाट्याने आक्रसतात, परंतु आधीच आक्रसलेली जेपीईजी छायाचित्रे झिपमध्ये कोंबण्याचा खटाटोप बहुधा व्यर्थच. आधारचा ऑफलाइन ई-केवायसी तपशीलही कुलूपबंद झिपमध्येच मिळतो, आणि अर्जदाराने स्वतः ठरविलेल्या संकेताविना तो उघडत नाही.