मॉड तरुणांच्या स्कूटरी आणि क्रोमचे तेज

शहरात रोज वापरावयाची वस्तू देखणीही असली पाहिजे, हा आग्रह १९६० नंतरच्या काही वर्षांत लंडनच्या 'मॉड' तरुणांनी ज्या निष्ठेने पाळला ती मला आजही विलक्षण वाटते. बेताच्या कमाईतून शिवून घेतलेला इटालियन धाटणीचा सूट मळू नये म्हणून त्यांनी पत्करली ती कोर्रादिनो दास्कानिओ या विमान-अभियंत्याने आखलेली, १९४६ मध्ये अवतरलेली व्हेस्पा, किंवा तिची मिलानमधील प्रतिस्पर्धी लॅम्ब्रेटा. इंजिन झाकलेले आणि पायांपुढे पत्र्याची ढाल, त्यामुळे चिखल व तेल या दोहोंचा परस्पर बंदोबस्त होई. वरून थंडीवाऱ्यासाठी अमेरिकी लष्कराचा जुना पार्का, आणि मग क्रोमचा सारा थाट: आरशांच्या रांगा, कॅरिअर, गार्ड!

त्या मुलाम्याची घडण मोठी मनोहर आहे. चकाकीचे आणि गंजापासून रक्षणाचे मुख्य श्रेय खालच्या निकेलच्या थराकडे जाते; वरचा क्रोमियमचा थर बहुधा १ मायक्रॉनहूनही पातळ असतो, तरीही ती किंचित निळसर झळाळी आणि ओरखड्यांना दाद न देणारा कठीणपणा त्याचाच.

आकुर्डीत तयार होऊ लागलेली १९७२ सालची बजाज चेतक याच व्हेस्पाच्या वंशातली. ज्यांच्या घरी ती अद्याप असेल त्यांनी पावसातून आल्यावर हेडलाइटची कडी मऊ फडक्याने कोरडी करावी, कारण थरातील सूक्ष्म छिद्रांतून पाणी शिरले की गंज आतल्या लोखंडापासून सुरू होतो. ॲसिड मात्र कदापि लावू नये.